पहिल्या हाकेला

"आये!"

एवढंच. एकदाच. दिवस बुडून अंगण करडं झालं होतं. कुणीतरी लांबून चालत यावं, घर दिसावं आणि अंगात उरलेला सगळा दम त्या एका शब्दात सोडून द्यावा, तशी ती हाक चिंचेच्या बाजूनं आली होती. आवाज शुक्रीचा होता. चुलीपाशी बसलेल्या लहानग्या जयवंतीनं तोंड उघडलं, ओ ओठांपर्यंत आली, आणि तेवढ्यात आईचा हात तिच्या तोंडावर पडला. नाचणीच्या पिठानं भरलेला जड हात. तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे पाड्यावरच्या पोरांना चालता येण्याआधी कळायचं. जे माणूस नाही त्याला एकदाच हाक मारता येते. माणूस असेल तर पुन्हा मारील. म्हणून थांबायचं. दोघी थांबल्या. चुलीतलं लाकूड तडकलं. परसात कोंबडीनं पंख झाडले आणि तीही गप्प झाली. पिठाची कोरडी चव जयवंतीच्या जिभेवर बसली होती. आईच्या बोटांमधून तिला दाराचा उजेड कमी कमी होताना दिसत होता. दुसरी हाक आली नाही.

शुक्री, तिची मोठी बहीण, दिवाळीनंतर गुजरातेत वीटभट्टीवर गेली होती, पाड्यावरच्या चार घरांबरोबर. त्या हाकेनंतर थोड्या दिवसांनी, होळीला ती घरं परतली तेव्हा त्यांच्यात शुक्री नव्हती. "ती आमच्या आदीच निघाली की," भट्टीवरून आलेली चिमी म्हणाली, "अंगात ताप होता तिच्या, चालत जाते बोलली. पोचली नाय?"  आईनं डोक्यावरचा भारा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. त्या रात्री जयवंतीनं अंथरुणात विचारलं, आये, ती हाक शुक्रीची होती ना? आईनं कूस बदलली. "तू झोपंत होतीस. कुणी हाक नाय मारली." आणि मग वर्षं गेली, आश्रमशाळा झाली, बारावी झाली, डहाणूत खोली झाली, पण त्या एका वाक्यानं जयवंतीचे कान तिचे राहिले नाहीत. ऐकलेलं खरं की झोपेतलं, हे प्रत्येक आवाजाला ती मनात विचारून घ्यायची.

गंमत अशी की तिला नोकरी लागली तीही कानाची. डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत. त्यातल्या एका कारखान्यात रबराच्या दुधात साचे बुडतात, वर येतात, पुन्हा बुडतात, आणि सगळ्या आवाराला अमोनियाचा उग्र वास असतो, जो डोळ्यांना झोंबतो आणि महिन्याभरात येईनासा होतो. जयवंती तपासणीत होती. फुग्यात हवा भरायची, कानाशी धरायचा, बारीकसा सूंऽ ऐकू आला की बाजूला टाकायचा. आता तर ती त्या विभागाची मुख्य होती. तिच्या हाताखालच्या बायका अडल्या की फुगा घेऊन तिच्याकडे यायच्या. ताई, तुम्ही ऐका. ती डोळे मिटून ऐकायची. जगभरच्या वाढदिवसांची हवा तिच्या कानावरून जायची, आणि त्या हवेच्या आत कुठेतरी दूर, चिंचेपलीकडे, कुणीतरी श्वास घेत उभं असायचं.

मग त्या हिवाळ्यात, अठरा सालच्या सरत्या महिन्यांत, जमीन हलायला लागली. आधी आवाज यायचा. खालून, लांब कुणी बाजलं ओढावं तसा. मग हलायचं. तलासरीकडे आणि डहाणूच्या पूर्वेला डोंगरातल्या गावांत रोजचंच झालं. कारखान्यात पहिल्यांदा जाणवलं तेव्हा काचेच्या साच्यांची रांगच्या रांग एकमेकांवर वाजली, किणकिण किणकिण, लग्नाघरात बांगड्या वाजाव्यात तशी. सगळे बाहेर पळाले. जयवंती निघालीच होती, इतक्यात फाटकातून वर्षानं हाक मारली, "जयू!" आणि जयवंती जागच्या जागी उभी राहिली. हातात फुगा, कानाशी धरलेला. डोक्यावरचा पत्रा थरथरत होता. ती दुसऱ्या हाकेची वाट बघत होती. वर्षा आत धावत येऊन तिचा दंड धरून ओढेपर्यंत तिला कळलंच नाही की आपण थांबलो आहोत. "बहिरी आहेस का गं?" वर्षा ओरडली. वर्षा हिशेबाच्या टेबलावर बसायची, वाणगावहून यायची, कारखान्यातली तिची एकुलती एक मैत्रीण. "पत्रा पडला असता ना डोक्यावर! मी हाक मारतेय आणि ही पुतळा!" जयवंती हसली.  पण इतक्या वर्षांनी, भर दुपारी, सिमेंटच्या फरशीवर, आईचा तो पिठाचा हात अजून तोंडावर होता.

धावण्याची कल्पना नवीनभाईची. माल पाठवण्याचं खातं त्यांच्याकडे. पोट सुटलेलं, तोंड त्याहून सुटलेलं, मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरायचे आणि कधी बाहेर आले हे त्यांनाही कळायचं नाही. डोंगरातले लोक कडाक्याच्या थंडीत शेतात ताडपत्रीखाली झोपतायत, घरात जायला भितात, हे त्यांनी पेपरात वाचलं आणि ते पेटले. "आपण हाफ मॅरेथॉन काढू! एकेका किलोमीटरला एकेक वेपारी. कोण चिकूवाला, कोण गवतवाला, सगळ्यांना पकडतो. लोखंडी सांगाड्याच्या शेड बांधू, वरून हलकं छप्पर. पडलं तरी माणूस मरणार नाय." आणि मग जयवंतीकडे वळून, मोठी भेट देत असल्यासारखं, "आणि संपवायचं कुठे? आपल्या जयवंतीबेनच्या पाड्यावर! पहिली शेड तिच्या आईला. नारळ आईच्या हातानं. बराबर ने?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जयवंतीनं मान हलवली. कसं सांगणार होती ती, की सगळा पाडा शेतात झोपतो आणि तिची आई तेवढी घरात. एकटी. तडे गेलेल्या विटांच्या भिंतींत.

त्या विटाही जयवंतीनंच आणल्या होत्या. आधी घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्यांच्या भिंती, शेणानं लिंपलेल्या, हललं तर सुपासारखं हललं असतं आणि उभं राहिलं असतं. पण पगार सुरू झाल्यावर जयवंतीला वाटलं, आईला पक्कं घर पाहिजे. गवंडी म्हणाला, दार रस्त्याकडे करू, बरं दिसेल. आई, जी आयुष्यात कुणाशी मोठ्यानं बोलली नव्हती, ती बुधीबाई पायाच्या खड्ड्यात उतरून बसली. "दार होतं तिथंच. चिंचंकडं तोंड करून. नायतर बांधू नका." का, ते सांगितलं नाही. दार तिथंच झालं. पुढे डोळ्यात मोतीबिंदू आला तेव्हाही ऑपरेशन करून, डोळ्यावर पट्टी बांधून, दिवस बुडायच्या आत ती घरी परतली. डॉक्टरांनी हात जोडले, जयवंती रडली, शेवटी हाल्याकाकानं, आईच्या चुलत दिरानं, तिला घरी न्यायला जीप थांबवली. डहाणूत मुलीच्या खोलीवर राहायला ती एक रात्रही आली नाही. आणि आता धक्क्यांनी विटांना कोपऱ्यातून तडा गेला होता. पाल आत-बाहेर करील एवढा, मग हात जाईल एवढा. जयवंती दर रविवारी जायची आणि दर रविवारी तेच. आये, बाहेर चल. "पडंल तं पडंल." आये, सगळे शेतात झोपतात. "झोपू दे." आये, मला झोप नाही येत गं तिकडं. यावर आई तिच्या गालावर सुरकुतलेला हात फिरवायची. "तू धावती-पळती पोर. तुला काय कमी हाय." आणि उंबऱ्याच्या आत, दाराकडे तोंड करून बसायची.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे कारखान्याच्या फाटकापाशी सगळे जमले. पिवळे टी-शर्ट, छातीवर लाल फुगा छापलेला. धुकं होतं, चिकूच्या वाडीतून ओलसर गोड वास येत होता आणि शेजारच्या पंपावर कुत्री उगाचच आकाशाकडे तोंड करून रडत होती. "जयवंतीबेन, वाटेत फुगा फुटायचा नाय हां!" नवीनभाई टेम्पोतून ओरडले, ते स्वतः केळी आणि ग्लुकोजचं पाणी घेऊन टेम्पोतूनच येणार होते. "तुम्ही का नाही धावत?" वर्षानं विचारलं. "अरे, हवा भरलेली आहे माझ्यात, मी उडेन!" सगळे हसले. जयवंतीही हसली आणि हसता हसता तिला खालून तो आवाज ऐकू आला, बाजलं ओढल्याचा. तिनं आजूबाजूला बघितलं. कुणालाच ऐकू आला नव्हता. वर्षा बुटाची नाडी बांधत होती. नाडीचं टोक हलत होतं का? की वर्षाचीच बोटं? मग शिटी वाजली आणि पाय निघाले.

धावताना पहिल्यांदा पायांचं ऐकू येतं, मग श्वासाचं, मग दोन्ही एक होऊन उखळासारखं काहीतरी आत सुरू होतं. धप, धप, धप. आशागड मागे पडलं. चिकूच्या वाड्या विरळ झाल्या, ताड सुरू झाले, कापणी झालेल्या भाताच्या खाचरांवर ऊन तिरपं उतरलं. कारखान्यातली मुलं केव्हाच पुढे गेली होती. वर्षा तिच्या बरोबरीनं, मग अर्ध्या पावलानं मागे, मग मागे. गवताचे भारे लादलेला एक ट्रक डोंगर सरकावा तसा समोरून आला आणि गेला, आणि त्याच्या वाऱ्याबरोबर गवताची काडी तिच्या ओठाला चिकटली. कोरडी. पिठासारखी. धप, धप. आई भात कांडताना गायची. आवाज बारीक होता तिचा, वरच्या पट्टीत जाऊन तुटायचा आणि तिथंच गोड व्हायचा:

सांज झाली गो बाय, वाट मळकी झाली
चिंचंखालची सावली उंबऱ्यापाशी आली
सावलीला पुसा गो, पाय कुठं ठेवले
पाय ठेवले वाटंला, डोळे घरी आले

शेवटची ओळ शुक्रीला फार आवडायची. ती आईच्या मागून मुद्दाम घोगऱ्या आवाजात म्हणायची, डोळे घरी आले, आणि हाताच्या ओंजळीतून जयवंतीवर डोळे टाकल्यासारखं करायची. जयवंती किंचाळायची. आई मुसळ उगारायची, हसत. त्या होळीनंतर आईनं गाणं सोडलं नाही, पण शेवटची ओळ सोडली. 'पाय कुठं ठेवले' इथं मुसळ थांबायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. वर्षानुवर्षं ते गाणं त्या प्रश्नापाशी जाऊन परत फिरत होतं, आणि जयवंतीच्या लक्षात हे आज, या रस्त्यावर येत होतं.

रस्त्याच्या कडेला वीटभट्टी होती. पेटलेली. रविवार असूनही बायका डोक्यावर विटांची चवड घेऊन चालत होत्या; पिवळ्या कपड्यांतली माणसं धावत येताना बघून एकजण थांबली, मानेवरचा भार तसाच ठेवून डोळ्यांनीच हसली. "कठं चाललेस गो धावत? कोण लागलंय मागं?"  घरी, जयवंती म्हणाली, किंवा म्हणाली असं तिला वाटलं. भट्टीचा धूर जमिनीलगत पसरला होता. त्यातून धावताना पाय दिसेनासे झाले, नुसतीच ती कमरेपासून वर तरंगत गेली. पाय ठेवले वाटंला. तिनं वेग वाढवला. मागं कुणी लागलेलं नव्हतं. मागं फक्त वर्षा होती.

घाट चढून रस्ता सागाच्या रानात शिरला. पानं गळलेली, खाली जाड थर, वाऱ्याशिवाय हलणारा. इथं माणूस नव्हतं, वाहन नव्हतं, पक्षीही नव्हते. तिनं कान दिले, कारण कान देणं हीच तिची सवय होती. पक्षी का नव्हते? आणि त्या शांततेत मागून, वळणापलीकडून, हाक आली.

"जयू!"

एकदाच.

सकाळ होती. ऊन होतं. हातावर कारखान्यानं दिलेलं घड्याळ होतं. पण तिच्या अंगाला यातलं काहीच कळलं नाही. मान वळली नाही, ओठ मिटले, आणि पाय तसेच पुढे पडत राहिले. पुन्हा मारील. माणूस असेल तर पुन्हा मारील. धप, धप, धप. सागाचं एक पान उलटं झालं. दुसरं. वळण आलं, वळण गेलं. दुसरी हाक आली नाही. पुढे उताराला लागलं की पाड्याची खूण दिसणार होती, टेकडीवरचा तो एकच ताड. थोडंच राहिलं होतं. तिच्या जिभेवर पीठ होतं, ते गिळता येत नव्हतं. झोपेत होते मी. कुणी हाक नाही मारली. असं ती धावता धावता मोठ्यानं म्हणाली, आणि स्वतःचा आवाज ऐकून दचकली. तो हुबेहूब आईचा होता. तेव्हा ती थांबली. मागं वळायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. चिखलात रुतलेलं काहीतरी उपटावं तशी तिनं स्वतःला वळवलं आणि आल्या वाटेनं उलटी धावत सुटली, शर्यतीच्या विरुद्ध दिशेला.

वर्षा ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला टेकून खाली बसली होती. चेहरा चुन्यासारखा. पोटरीत गोळा आला होता आणि त्याहून वाईट, तिला श्वास मिळत नव्हता. जयवंतीनं तिचे पाय उचलून धरले, पाणी पाजलं, पाठ चोळली. हळूहळू तिच्या ओठांना रंग आला.

"हाक मारली मी," वर्षा म्हणाली. "ऐकलीच नाहीस."

"ऐकली."

"मग?"

"दुसरी मारशील म्हणून थांबले." ती खोटं बोलत होती. थांबली कुठे होती.

वर्षा हसायला गेली आणि खोकली. "दुसरी मारायला दम कुठे होता, बाई? जेवढा होता तेवढा पहिलीतच संपला. मारली आणि बसलेच खाली. म्हटलं आता ही आली तर आली."

जयवंतीचा पाठीवर फिरणारा हात थांबला. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण कोणाला ते कळेना. अंगात ताप होता तिच्या, चिमी म्हणाली होती. चालत जाते बोलली. इतक्या वर्षांत जयवंतीनं सगळं धरून पाहिलं होतं. भूत असेल, भास असेल, स्वप्न असेल. एवढं साधं तिच्या मनात कधीच आलं नव्हतं: माणसालाही कधीकधी एकदाच हाक मारता येते.

आणि तेव्हा तो आवाज आला. या वेळी बाजलं नव्हतं. दगडांनी भरलेला ट्रक पायाखालून जावा तसा तो आला, डोंगराच्या पोटातून, आणि मोरीचा कठडा त्या दोघींना घेऊन एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेला. सागाची पानं जमिनीवर उड्या मारायला लागली. वर्षानं तिची मान आवळली. "आई गं, आई गं!" मग थांबलं. धूळ तेवढी उन्हात तरंगत राहिली. कुठेतरी, उताराखाली, एकदम खूप माणसं ओरडल्याचा आवाज आला.

मागून टेम्पो आलाच. नवीनभाईंचा चेहरा पहिल्यांदाच बिनविनोदाचा होता. "बसा दोघी, बसा, बंद करू आता हे." वर्षाला त्यांनी उचलून घेतलं. जयवंती बसली नाही. वर्षाला आत निजवून टेम्पो निघेपर्यंत वेळ लागणार होता, आणि तिचे पाय आधीच उताराला लागले होते. ती आता जे धावत होती त्याला कुठलंही नाव नव्हतं. ताड दिसला, शाळेचं मैदान दिसलं, लाल-पिवळा फलक दिसला, त्याखाली बांधलेली फीत आणि टेबलावर नारळ, घरंगळून खाली पडलेला. पुढे आलेली मुलं गोंधळून उभी होती. पाड्यावरची माणसं मैदानात बसली होती, लेकरांना पोटाशी धरून. "ताई, इकडे! लाइन इकडे आहे!" कुणीतरी ओरडलं. ती फितीच्या बाजूनं निघून गेली. शेतातून, बांधावरून. हाल्याकाका समोरून आला. "पुढली भिंत हाय अजून. मागली गेली. सगल्यांनी हाका मारल्या. 'हाय मी' म्हणते आन् येत नाय. मी वढाय गेलो तं विळा उगारला म्हातारीनं. आता तूच बघ."

बुधीबाई दारात बसली होती, उंबऱ्याच्या आत, नेहमीच्या जागी. तिच्या पाठीमागे घर नव्हतं. विटांचा ढीग होता आणि ढिगावर आकाश. धुळीनं तिचे केस, पापण्या, हात, सगळं पांढरं झालं होतं. डोक्यावर चौकटीची फळी आणि तिच्यावर दोन हात भिंत, तड्यातून आरपार उजेड दिसणारी.

"आये, ऊठ."

"धावत आलीस? पार डहाणूहून?"

"हां. ऊठ ना."

"गाडी नव्हती?"

"होती." जयवंतीनं तिचे खांदे धरले. म्हातारी मुळासारखी घट्ट होती. चौकटीला धरलेली तिची बोटं सुटेनात. वरून मूठभर लाल भुगा दोघींच्या मध्ये पडला. जयवंतीनं सोडलं. ओढून ही निघणार नव्हती, निघाली असती तरी रात्री परत येऊन त्या विटांवर बसली असती. ती तिच्या समोर, उंबऱ्याबाहेर, गुडघ्यांवर बसली. धापेतून शब्द तुकड्या-तुकड्यानं आले. "आये, माझी मैत्रीण... वाटेत पडली. माझ्या मागं होती. तिनं हाक मारली मला. एकच. मी वळले नाही." श्वास. "तिच्यात दुसरी मारायचा दमच नव्हता, आये. माणूस होती ती. आणि दम नव्हता."

आईनं डोळे वर केले. पांढऱ्या पापण्यांत ते फार काळे दिसले. लांब मैदानात कुणाचं तरी मूल रडत होतं, ते थांबलं.

"तू झोपंत नव्हतीस," आई म्हणाली.

जयवंती हलली नाही.

"मी ऐकली होती. तिचीच होती. मला का तिचा आवाज कळत नाय? पण सांज होती, मी भ्यालें. तू लहान होतीस, तुला नेलं असतं तं? म्हटलं, पुन्ना मारंल. पुन्ना मारंल मंग उठू." ती दाराबाहेर चिंचेकडे बघत बोलत होती, त्याच सपाट आवाजात. "सकाळी चिंचंखाली गेलें. गवत दबलेलं होतं. कुणी बसून गेल्यावानी. मी कुणाला नाय बोललें. बोललें असती तं खरं झालं असतं."

"आणि मला म्हणालीस..."

"तुला तरी झोप लागाय पायजे होती ना गो." ती थांबली. "तिला वाटलं असंल, दार बंद केलं आयनं. गेली असंल कठं तरी. पण येल. एकदा मारली हाय, दुसरी मारंल. येल तवा दार हितंच पायजे. दारात कुणी पायजे. तू जा, तुझी माणसं थांबलीत. मी नाय उठत."

खालून पुन्हा आवाज सुरू झाला. बारीक, लांब. जयवंतीला तो सगळ्यांच्या आधी ऐकू आला, आणि या वेळी ऐकलेलं खरं की झोपेतलं, हे तिनं मनाला विचारलं नाही. ती उठली. आईला न बोलता पाठ केली आणि अंगणातून, पडलेल्या कौलांवरून, चिंचेकडे चालत गेली. पाय थरथरत होते, तळव्यांत आग होती. लांबून चालत आलेल्या माणसाचे पाय असेच होत असतील. चिंचेखाली गवत होतं, वाळलेलं. तिथून दार दिसत होतं, अगदी समोर, आणि दारात एक पांढरी, लहानशी बाई. किती जवळ होतं. ज्वरानं भरलेल्या पोरीलाही दिसलं असेल, चुलीचा उजेड, आणि त्या उजेडात गप्प बसलेल्या दोन आकृती.

जयवंतीनं छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली आणि ती सगळी सोडून दिली.

"आये!"

एकदाच. चिंचेचा पाला झडला. फळीवरच्या भिंतीतून एक वीट सुटली आणि उंबऱ्याच्या आत पडली. आई हलली नाही. दुसरी हाक जयवंतीच्या गळ्यात उभी होती, ती मारली असती तर आई नक्की उठली असती, कशी न उठती. पण तिनं दात दातांवर दाबले आणि ती हाक आतच धरली. जमिनीचा आवाज जवळ येत होता. मैदानातून नवीनभाई काहीतरी ओरडत होते. दारातल्या पांढऱ्या बाईचा हात हळूहळू वर गेला, स्वतःच्या तोंडापाशी, तिथं क्षणभर थांबला, आणि खाली आला. मग चौकट धरून ती उभी राहिली, आणि वरच्या पट्टीत जाऊन तुटणाऱ्या त्या बारीक आवाजात म्हणाली,

"ओऽ! आलें गो शुक्रे, आलें."